पहिल्या हाकेला ओ

पिंपरीत खराळवाडीला अर्जुनराव घरमालकाची दहा खोल्यांची पत्र्याची चाळ होती. तिच्या सातव्या खोलीत राहणाऱ्या गवराबाईला सगळी चाळ हसायची, कारण ही बाई कुणाच्याही हाकेला ओ द्यायची. समोरच्या खोलीतल्या पोराने त्याच्या आईला हाक मारली, की इकडून गवराबाईची ओ. मांजर केकाटलं तरी हिची ओ तयार. ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. तिथे मुकादमाने कुणाचंही नाव घ्यावं, हिचं लाटणं थांबलंच म्हणून समजा. बाया म्हणायच्या, गवराबाई, यमाने हाक मारली तर तेवढी दुसरीला घेऊ द्या हो. ती हसण्यावारी न्यायची. पण पुन्हा कुणी हाक मारली, की आधी ओ आणि मग हसणं.

दुसरी खोड म्हणजे स्लॅबच्या घरात ती पाऊल ठेवायची नाही. पत्रा उडू नये म्हणून लोक त्याच्यावर धोंडे ठेवतात. हिने खोली घेतल्या दिवशी पहिलं काम काय केलं, तर धोंडे उतरवले आणि पत्रा तारेने आवळून घेतला. पाटण तालुक्यातली बाई, सदुसष्टच्या भूकंपानंतर इकडे आलेली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तिच्या घरात कस्तुरा नावाची पोर होती. ती काही तिच्या पोटची नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली सोजरबाई शेजारच्या खोलीत राहायची, तिची ही मुलगी. सोजरबाई काविळीने गेली. नवरा कामाला म्हणून बाहेर पडला तो गेलाच. पोरीचं काय करायचं यावर चाळीने चांगले दोन तास चर्चा केली, आणि चर्चा चालू असतानाच गवराबाई पाच वर्षांच्या पोरीला हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन गेली. पोर तिला मावशी म्हणायची. कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी तानुबाई आजी झाली आणि नवव्या खोलीतला फिटर किसन मामा झाला. किसनच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, गवराबाईच्या फळीवर खंडोबाचा टाक. पण चूल एकच आणि चौघांची ताटं एकाच पंगतीला. रक्ताचं नातं म्हणाल तर एकाचं एकाशी नाही.

ब्याऐंशी साली किसनने टीव्ही आणला आणि घरात भूत शिरलं.

तसं ते भूत टीव्हीतलंच होतं. दर गुरुवारी, म्हणजे पिंपरीतल्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दिवेलागणीला एक मालिका लागायची. होडी बुडून जिचं सगळं घरदार गेलं अशी एक तरुण मुलगी एका जुन्या बंगल्यात येते. तिथे अशीच चार-पाच परकी माणसं राहत असतात, ती तिला आपली म्हणतात. इथवर बरं होतं. पण तिन्हीसांज झाली, की बाहेरून तिच्या मेलेल्या माणसांपैकी कुणीतरी हाक मारायचं. कधी आई, कधी धाकटा भाऊ. तिने पहिल्या हाकेला ओ दिली, की बंगल्यातलं एक माणूस अंथरूण धरायचं. दुसऱ्यांदा ओ दिली तेव्हा त्यातली म्हातारी मेलीच. मग उरलेली माणसं रोज संध्याकाळी त्या मुलीभोवती कोंडाळं करून बसायची आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरायची.

लिहिणाऱ्याने हे कुठून काढलं कुणास ठाऊक. पण चाळीला ते लगेच पटलं, कारण अंधारात आलेल्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ देऊ नये, भुताला तीनदा हाक मारता येत नाही, हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. आठ दिवसांत चाळीत संध्याकाळी कुणी पहिल्या हाकेला ओ देईना. मीठ मागायचं तर बायका तीनदा ओरडायच्या. किसन भुताखेतांना न मानणारा, तोही हसत हसत तीन मोजायला लागला.

आणि गवराबाईची ओ बंद झाली.

दिवेलागणीची नाही हो, सरसकट बंद झाली. कँटीनमध्ये भर दुपारी मुकादम ओरडला तरी ती बोटं मिटून मोजायची. कस्तुराने "मावशे" म्हटलं की हिचे ओठ थरथरायचे, आवाज फुटायचा नाही. तिसऱ्या हाकेला कुठे ती वळायची, तेही पोर डोळ्यांनी दिसल्यावर. जेवण तुटलं. कस्तुरा साधी शिंकली तरी ही तिच्या कपाळाला हात लावून बघायची. चाळीला आधी गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली.

शेवटी एका दुपारी किसनने तिला समोर बसवलं आणि स्पष्टच विचारलं, आक्का, तुला झालंय तरी काय? ती ज्वारीतले खडे वेचत राहिली. मग सूप बाजूला सारलं.

"माझी सारजा सा वर्सांची व्हती," ती म्हणाली. "म्या पहाटं गोठ्यात गेलेली. काळाकुट्ट अंधार. घरातनं हाक आली, आये. एकदाच. सासूनं शिकीवलं व्हतं, अंधारात पयल्या हाकंला ओ दिऊ ने. म्या दिली न्हाई. दुसरी आली. म्या तिसरीची वाट बघत हुबी. तिसरी आलीच न्हाई रं किसन, जिमीन आली वर. घर बसलं खाली. नवरा, सासू, सारजा, समदी आत."

ती पुढे म्हणाली, की तेव्हापासून आपण एकही हाक चुकू दिली नाही. पण आता टीव्हीने दाखवलं, की ओ दिली तर घरातलं माणूस जातं. पंधरा वर्षं आपण कुणाकुणाला ओ दिली? सोजरबाई गेली ती आपल्याच ओमुळे तर नव्हे? आणि आता कस्तुराची पाळी आली असेल तर? किसनने परोपरीने समजावलं, की ते नाटक आहे, माणसं पगार घेऊन मरतात त्यात. तिने मान डोलावली. भीती का अशी मान डोलावून जाते?

पडद्याआड कस्तुरा गृहपाठ करत बसली होती. तिने सगळं ऐकलं.

पुढच्या गुरुवारी मालिकेला अख्खी चाळ किसनच्या खोलीत दाटीवाटीने बसली. डिसेंबरातली संध्याकाळ. गवराबाई गेली नाही. आपल्या खोलीच्या मागच्या दाराच्या पायरीवर, अंगाभोवती पदर आवळून ती एकटी बसून राहिली. कस्तुराही तिकडेच मामाकडे असेल असं तिने धरलं होतं. इतक्यात वीज गेली. टीव्ही मुका झाला, पोरांनी एकच गलका केला आणि मग तेही चिडीचूप झाले, कारण नेमकी हाक यायची वेळ होती.

त्या शांततेत जमिनीखालून आवाज आला.

"आये."

हाक घुमत आली होती, ओली, खोल, मातीच्या पोटातून. चाळीत गवराबाईला आये म्हणणारं कुणी नव्हतं. या जगात एकटीच म्हणायची, आणि ती जमिनीखालीच होती. गवराबाईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, त्या मालिकेतल्या माणसांसारखं. ओ दिली तर घरातलं माणूस जाणार, आणि घरात जाण्यासारखी एकच, कस्तुरा. नाही दिली तर सारजा दुसऱ्यांदा मातीत राहणार. इतकी ती भूकंपातही भ्याली नव्हती. तेव्हा भ्यायला वेळच मिळाला नव्हता. एक हाक झाली होती. दुसरीची वाट बघायची? तिसरीची? वाट बघितल्यावर काय होतं ते तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

तिने तोंडावरचे हात काढले.

"ओ," ती ओरडली. "आले गं सारजे, आले. मला ने, पन माझ्या कस्तुराला हात लावू नगंस."

"मावशे, मी हाय," जमीन म्हणाली. "हौदात."

चाळीच्या मागे जमिनीतला पाण्याचा हौद होता. त्याच्यावरची फळी कुजलेली होती, ती बदलायची म्हणून अर्जुनराव दोन वर्षं नुसते म्हणत होते. पोर घागर भरायला गेली आणि पोरांच्या गलक्यात कुणाला ऐकू न येता फळीसकट आत. गवराबाई धावली. हौदाच्या काठावर पालथी पडून तिने लुगड्याचा पदर सोडला, आणखी सोडला, नऊवारी होतं म्हणून पुरला. खालून ओढ लागली. पाणी पोरीच्या हनुवटीला होतं. धरून ठेवणं जमत होतं, पण वर ओढायला एकटीचं बळ पुरेना. तिने जीव खाऊन किसनला हाक मारली.

चाळीतून ओ आली नाही.

वीस-पंचवीस माणसं बारा हातांवर अंधारात बसलेली, सगळ्यांनी ऐकलं, आणि एकजात सगळी दुसरीची वाट बघत गप्प. तिने दुसरी मारली. न मानणारा किसन, तोही पायांत चप्पल चढवून उंबऱ्यात तिसरीसाठी थांबला होता. हे त्यानेच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"मुडद्यांनो, जिती हाय मी," गवराबाई किंचाळली. "पोर मरतीया."

तेवढ्यात तानुबाईची ओ आली. म्हातारीला टीव्हीची चीड, ती कोपऱ्यात मिश्री लावत बसली होती. ओ देत देत तिने किसनच्या पाठीत काठी घातली, आणि मग अख्खी चाळ धावत सुटली.

पोर वर आली तेव्हा थंडीने निळी पडली होती, कपाळाला खोक पडली होती, बाकी धड होती. गवराबाईने तिला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. बारा वर्षांची घोडी, मांडीवर मावेना. किसन चुलीपुढे खाली मान घालून चहा उकळत बसला. कस्तुराचे दात वाजायचे थांबले तेव्हा गवराबाईने हळूच विचारलं, तू मला आये का म्हनलीस?

"मावशी म्हणाले असते तर तू तिसरीची वाट बघितली असतीस," कस्तुरा म्हणाली. "मला तेवढा दम नव्हता. म्हणलं, त्या हाकेची तर तू पंधरा वर्सं वाट बघतियास."

गवराबाई तिथे रडली. पंधरा वर्षांत चाळीने तिला रडताना पाहिलं नव्हतं. सारजेचं नाव घेऊन, मोठ्याने, गावाकडे बायका रडतात तशी ती रडली. तानुबाईने कुणाला तिला गप्प करू दिलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मालिकेचा शेवटचा भाग होता. गवराबाई स्वतःहून येऊन मागे भिंतीला टेकून बसली, कस्तुरा तिला चिकटून. शेवटी काय दाखवलं म्हणाल, तर धाकटा भाऊ बंगल्याबाहेरून हाक मारतो, सगळे मिळून मुलीचं तोंड दाबतात, आणि तो रडत रडत धुक्यात निघून जातो. घर वाचलं. झालं! लिहिणाऱ्याला त्या पोराची दया आली नाही, बघणाऱ्यांनाही येत नव्हती. सगळे श्वास रोखून बसले होते.

टीव्हीतल्या पोराने हाक मारली, "ताई."

कस्तुराचा पंजा गवराबाईने इतका घट्ट धरला होता, की पोरीची बोटं पांढरी पडली. भीती कुठे गेली नव्हती, तिच्याशेजारीच बसली होती.

"ओ," ती म्हणाली.

सगळ्या खोलीने दचकून मागे पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत कस्तुरानेही ओ दिली. मग किसनने दिली, टीव्हीकडे न बघता, गवराबाईकडे बघून. तानुबाईने विचारलं, कोन बोलावतंय गं? कस्तुरा म्हणाली, एक पोरगं हाय आजी, भायेर अंधारात.

"मग आत घ्या की त्येला," म्हातारी म्हणाली.