ओलाईचा शेवटचा पुरावा

माझ्या थोरल्या भावाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, आणि त्याला जबाबदार मी आहे, यावर दौंडच्या घाटावर जमलेल्या सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या भावकीत याआधी कुठल्याही विषयावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

दादाला मूलबाळ नसल्यामुळे पिंड मीच दिला होता. भीमेच्या काठावर तो मांडून पाऊण तास झाला होता. कावळे नव्हते असं नाही. चांगले सहा होते. शेजारी दुसऱ्या एका कुटुंबाचा पिंड होता, त्यावर तिघे असे तुटून पडले की त्या लोकांना हात जोडायलाही सवड मिळाली नाही. मग तेच तिघे आमच्याकडे आले, पिंडाभोवती एक चक्कर मारली आणि कठड्यावर जाऊन बसले.

"दाजींचं कायतरी राह्यलंय," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे शांतावहिनींचे थोरले भाऊ. अशा प्रसंगी पुढं व्हायला त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी पिंडासमोर हात जोडून आश्वासनं द्यायला सुरुवात केली. "दाजी, शांताला काय कमी पडू देणार न्हाई." कावळे हलले नाहीत. "बोअरची मोटर दुरुस्त करून घेतो." नाही. "बांधाचं भांडण मिटवतो." यावर एक कावळा चक्क उडून गेला. (वरवंडला दादाचं आणि आप्पांचं रान लागून आहे, आणि भांडण आप्पांशीच होतं. कावळा त्याच भागातला असावा.)

भटजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिववू. तशी सोय आहे."

"गवताचा कावळा नगं," वहिनी म्हणाल्या. दहा दिवसांत त्या पहिल्यांदाच एवढ्या ठामपणे बोलत होत्या. "खरा शिवल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई."

भटजींनी हातातला दर्भ खाली ठेवला.

तेवढ्यात मागून इनूसभाई बोलले. ते दादाचे शाळेपासूनचे मित्र; दौंडमध्ये त्यांचं शिलाईचं दुकान आहे. डोक्याला रुमाल बांधून ते इतका वेळ उभे होते. "मला इचारलं तर," ते म्हणाले, "त्याचा जीव ओलाईत अडकलाय."

मी डोळे मिटून घेतले.

ओलाई ही देवी आहे. कुठल्याही गावात तिचं देऊळ नाही, कारण ती दादानं बनवली होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यानं एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. दोन चंद्रांचं जग, उलट्या वाहणाऱ्या नद्या, सात धर्म, त्यांचे उपवास आणि त्यांची आपसातली भांडणं. इनूसभाईंना तो दुकानात बसून वाचून दाखवायचा. मी शिरूरला शाळेत ग्रंथपाल होतो, म्हणून प्रत्येक वही माझ्याकडे अभिप्रायाला यायची. अकरा वह्या सुरळीत पार पडल्या. बाराव्या वहीच्या तोंडावर आमचं बिनसलं. दादाचं म्हणणं, शेवटी ओलाई स्वतः नदीतून वर येते. माझं म्हणणं, तिनं येऊ नये. लोक तिला मानतात एवढं पुरे. ती खरोखर आहे की नाही, हे वाचकाला कळता कामा नये.

"अरं, जग मी बनवलंय," दादा फोनवर म्हणायचा. "तिथं कोण राहतंय ते मला म्हाईत न्हाई व्हय?"

"कथेत पुरावा कुठे आहे?"

"तू एकदा खरी हाय म्हण. मग मी शेवट लिहितो."

"पुराव्याशिवाय म्हणणार नाही."

हे आठ महिने चाललं. आमचा शेवटचा फोनही याच विषयावर झाला. बारावी वही कोरी राहिली.

यातलं काहीही घाटावर उघड करायचा माझा विचार नव्हता. इनूसभाईंनी मात्र ते एका वाक्यात उरकलं. "ओलाईला मानायचं राहून गेलं, ह्या धाकट्यापायी."

"कुठली ही ओलाई?" आप्पांनी मला विचारलं. "देऊळ कुठं हाय?"

"देऊळ नाही."

"उघड्यावर हाय? मग पत्र्याची शेड मारू की."

"आप्पा, ती कादंबरीतली देवी आहे. ती अस्तित्वातच नाही."

"दाजींनी नवस बोलला हुता का?"

"नाही. त्यानं ती लिहिली होती."

"आन् तुम्ही तिला न्हाई म्हनला?"

"मी फक्त एवढंच म्हटलं, की कथेच्या दृष्टीनं..."

"देवीला न्हाई म्हनला," मागून एक चुलती दुसरीला म्हणाली. "तरीच."

मी समजावून सांगायला लागलो. देवी त्या जगात खरी असणं वेगळं, त्या जगातल्या लोकांनी तिला खरी मानणं वेगळं, आणि आपल्या जगात तर प्रश्नच येत नाही. (घाटावर, तुळतुळीत डोक्यानं, उन्हात उभा राहून मी कादंबरीच्या रचनेवर व्याख्यान देत होतो. सर्वांत लक्ष देऊन ऐकत होता तो कठड्यावरचा एक कावळा.)

"ते ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "तिला निवद कशाचा? बोकड का पुरणपोळी?"

"गुळाचा भात," इनूसभाई म्हणाले. "चौथ्या वहीत हाय."

"पाचव्या," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. तोंडातून निघून गेलं होतं.

"बघा," आप्पा म्हणाले, "समदं म्हाईत हाय ह्यांना. आन् वर म्हंत्यात देवी न्हाई."

वहिनी उठून माझ्याजवळ आल्या. "भावजी, तुमचं पुस्तकाचं मला कळत न्हाई. पर तुमचा फोन ठिवला का हे अर्धा तास ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. 'म्हनंल, एक दिवस म्हनंल' असं आपल्याशीच बोलायचे. म्हना की एकदा."

साहित्याच्या बाबतीत मी आयुष्यात कुणाच्या भिडेखातर अभिप्राय बदललेला नाही. मी पिंडापुढं वाकलो आणि हळूच म्हणालो, "दादा, ओलाई खरी आहे."

"मोठ्यांदा," आप्पा म्हणाले. "कावळ्याला ऐकू जायला पायजे."

"ओलाई खरी आहे."

शेजारच्या पिंडाची माणसं परत निघाली होती, ती थांबली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं न विचारता हात जोडले. कावळा कठड्यावरून खालच्या पायरीवर आला आणि मान तिरकी करून उभा राहिला.

"शेवटाचं बी सांगा," इनूसभाई कुजबुजले.

"ती नदीतून वर येते," मी म्हणालो. "मी लिहीन, दादा. तू म्हणशील तशीच येईल."

कावळा आला, भाताचा घास उचलला आणि निघून गेला. वहिनी मोकळेपणानं रडल्या. भटजी दुसऱ्या घाटावर जायला निघाले.

आता बारावी वही माझ्याकडे आहे, आणि ओलाई गुडघ्यापर्यंत पाण्यातून वर आली आहे. तिकडे आप्पांनी वरवंडला शब्दाप्रमाणे पत्र्याची शेड मारली आणि आत शेंदूर लावलेला दगड बसवला. (शेड बरोबर बांधावर आहे, दादाच्या बाजूला दोन हात सरकून. देवीच असल्यामुळे कुणाला बोलता येत नाही.) अकरा वह्या वाचलेला भावकीत मी एकटाच, त्यामुळे शंका विचारायला फोन शिरूरला येतात. गेल्या मंगळवारी एका बाईंनी विचारलं, ओलाईच्या उपवासाला लसूण चालतो का. मी सगळ्या वह्या उलथ्यापालथ्या केल्या. कुठंच उल्लेख नाही. शेवटी माझ्याच मनानं ठोकून दिलं की चालत नाही.

त्या दिवसापासून, उगाच कशाला परीक्षा म्हणून, मीही लसूण सोडला आहे.