तिसरा क्रँक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. पोरींजवळही नाही. तुम्ही माझे कोण, तरी तुम्हालाच सांगतेय — ऐका.

आमचं मरोळला इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. जुना माल घ्यायला हे कुर्ल्याला जायचे, आणि मला सोबत न्यायचे. बायकोला कशाला, म्हणाल? माझ्या कानासाठी हो! इंजिनचा ब्लॉक, म्हणजे त्याचं मुख्य धूड, हे बघायचे — त्यावरचा नंबर घासलाय का, सिलिंडरच्या आत नखाला कड लागते का. क्रँक, म्हणजे इंजिनात फिरणारा तो जड लोखंडी दांडा, मात्र माझा. दोरीला टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा. ठण्ण करून लांब वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत तडा. मला शिकवलं कुणी? कुणीच नाही. माठ घेताना टिचकी मारतो ना आपण, तसंच ते.

त्या दिवशी मी दोन क्रँक नापास केले. ह्यांना घाई होती. दुकानदारासमोर, चार हमालांसमोर म्हणाले, "तुला आज सगळंच फुटकं ऐकू येतंय! लग्नाची भांडी घ्यायला आलीस काय?" सगळे फिदीफिदी हसले. हे पण हसले.

एवढंच हो. एवढ्याशा गोष्टीचा मला राग — की लाज? — काय म्हणू? तिसरा टांगला. मी ठोकला. बद्द. मडक्यासारखा, स्वच्छ बद्द. ह्यांनी विचारलं, "काय गं, चालेल ना?"

मी म्हटलं, "घ्या."

मनात काय होतं? — बसा आता तुमचं तुम्ही निस्तरत. दुसरं काही नव्हतं. तो कुणाच्या गाडीत बसणार, हे माहीत असून.

बसला आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, सावंतांच्या टेम्पोत. पंधरा दिवसांत विक्रोळीजवळ, भरल्या गाडीसकट, हायवेवर तुटला. ब्लॉकही फोडला त्याने. मागची बस थोडक्यात थांबली म्हणून सावंत वाचले. वर्कशॉपमध्ये येऊन रडवेले झाले — "मिस्त्री, तुमच्या भरवशावर होतो हो मी!" मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं का? नाही. ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "क्रँक मी वाजवून घेतला होता. माझं चुकलं."

माझं नावसुद्धा घेतलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी, ज्यांनी जन्मात गॅस पेटवला नव्हता, त्यांनी मला चहा करून दिला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. होतं असं. मीच घाई केली तुला." आणि मी — मी तो चहा प्यायले. डोळे पुसत प्यायले, म्हणजे त्यांना वाटावं की कान चुकल्याचंच मला वाईट वाटतंय.

पुढेही प्रत्येक क्रँक मलाच ऐकवायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "एकदाच चुकलीय ती."

गेल्या वर्षी हे गेले. तेच समजून गेले.

मी चुकले नव्हते. मी खोटं बोलले होते.