अर्ध्या कोयत्याचा संप

वर्षातून एकदा, महिला दिनाला, हिंजवडीतल्या आमच्या कंपनीला आठवतं की झाडू मारणाऱ्या बाईलाही नाव असतं. त्या वर्षी एचआरच्या पूर्वाने तिसऱ्या मजल्याच्या चंद्रभागाताईंना स्टेजवर बोलावलं. ताईंनी कधीकाळी संप केला होता, हे तिला कुठून तरी कळलं होतं. मला ती हकीकत आधीपासून ठाऊक होती. डबा खाताना ताईंनीच सांगितली होती, आणि सांगताना त्या एकदाही हसल्या नव्हत्या.

ताई बीडकडच्या. नवऱ्याबरोबर, भीमरावांबरोबर, दर हंगामाला ऊस तोडायला लोणी काळभोरला यायच्या. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तरी ती अर्धीच. हा हिशेब कुणी ठरवला कोण जाणे, पण ठरवणाऱ्याने मोळी उचलली नसणार.

एका हंगामात भीमराव भरल्या ट्रकवरून पडले आणि गेले. दिवसकार्य झालं आणि टोळीचा मुकादम पोपट त्यांच्या पाचटाच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात आला.

"अर्धा कोयता मला चालत न्हाई," तो म्हणाला. "दिराच्या जोडीला लाग, न्हाई तर गावाला जा."

दिराच्या जोडीला लागणं म्हणजे काय, हे साऱ्या टोळीला कळत होतं. त्या दिराची नजर कशी होती तेही.

"म्या एकटी पुरा कोयता हाय," ताई म्हणाल्या. "तसं धरा."

पोपट हसला. दुसऱ्या दिवशी टोळीतल्या बायका बांधावर बसल्या. शिवी नाही, घोषणा नाही. चंद्रभागेला पुरा कोयता धरा, एवढंच मागणं. शेतमालक हिंमतरावांच्या फडात, उसाच्या रानात, तोडलेला ऊस पसरला होता; ट्रकवर रचायला पुरुष होते, पण खालून मोळ्या उचलून आणायला कोणी नव्हतं. तोडलेला ऊस उन्हात वजन सोडतो, त्यामुळे पोपटाचा चेहरा दुपारीच उतरला.

तेव्हा हिंमतराव स्वतः आले. पोपटासारखे ओरडले नाहीत. अगदी गोड बोलले.

"बाई, तुमचं भांडण मुकादमाशी हाय. माझं काय चुकलं? तोडलेला तेवढा भरून द्या. मग पोपटला मी समजावतो."

बांधावर शेजारी बसलेली मथुराबाई म्हणाली, "भरू नगंस, चंद्रे." पण ऊसतोड्यांच्यात तोडलेला ऊस वाळू देणं पाप मानतात. शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टाचं वाटोळं कसं करायचं, म्हणून ताई उठल्या. त्या उठल्या तशा सगळ्या उठल्या. ट्रकला फळी पोपटाने स्वतः लावली.

ट्रक गेला, बायका पुन्हा बांधावर बसल्या. फड आता मोकळा होता. त्यांच्या बसण्या-उठण्याने कुणाचं काही अडत नव्हतं. संध्याकाळी हिंमतरावांचा निरोप आला: फड संपला, कोप्या हलवा.

ताई त्यांच्या दारात गेल्या. "तुम्ही समजावतो म्हनला व्हता."

"तो तुमच्या टोळीचा मामला," हिंमतराव म्हणाले आणि आत गेले.

पुरुषांनी आपापल्या बायकांना हाताला धरून उठवलं. मथुराबाई रडत गेली, पण गेली. ताई दिराच्या जोडीला लागल्या नाहीत. चार भांडी आणि लहानगी निकिता घेऊन त्या पुण्याच्या बसमध्ये चढल्या. त्या बसनेच पुढे त्यांना आमच्या काचेच्या इमारतीत आणून सोडलं, असं म्हणायला हरकत नाही.

स्टेजवर त्यांनी हे सगळं सांगितलं. ऊस भरून दिला इथपर्यंत आल्या आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारचा कुणीतरी भारावून म्हणाला, "काय मोठं मन!"

ताई थांबल्या. टाळ्या संपेपर्यंत थांबल्या.

"टाळ्या कशाला वाजवता? ती माझी चूक व्हती. ऊस वाळू द्यायला पायजे व्हता. हिंमतरावाचं नुकसान झालं असतं. व्हायलाच पायजे व्हतं. मंग त्यानं पोपटाला धरलं असतं, आन् म्या माणूस म्हनून मोजली गेली असते."

पूर्वाने घाईघाईने माईक घेतला, "सो इन्स्पायरिंग, ताई," म्हणाली आणि सगळ्यांना पुन्हा एकदा जोरदार टाळ्या वाजवायला सांगितलं. त्या वाजल्याही.