रायफलीचं काळं पितळ

पिंप्राळ्याच्या आमच्या धाकट्या दिरांनी लष्करातली जुनी रायफल घेतली. गोळी काही सुटायची नाही, पण मिरवणं बघावं! येईल त्याला दस्त्याची पितळी पट्टी दाखवायचे. "हा काळपट रंग मूळचा आहे बरं, त्यालाच तर किंमत!"

दसऱ्याला शस्त्रपूजेत मांडायची म्हणून जाऊबाईंनी ती पट्टी चिंच-राखेनं घासून लख्ख केली. पूजेला काळं पितळ कोण ठेवतं? दीर डोकं धरून खालीच बसले. "बठ्ठं वाटोळं करी टाकं!" एरवी शुद्ध बोलणारा माणूस थेट गावच्या बोलीवर आला.

मी म्हटलं, "भाऊ, समई काळी दिसली की हिच्यावर ओरडता, आता घासलं तरी ओरडता. एकदा काय ते ठरवा!"

दीर रायफलीला कुंकू लावायलाही उठले नाहीत. मग जाऊबाईंनीच लावलं, दस्त्याच्या लाकडावर, चांगलं ठसठशीत.