प्रत्येक शब्दाला एक नातेवाईक

समस्त सोयऱ्याधायऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की गेल्या वर्षी आपल्यापैकी बेचाळीस जणांचा वापर इंग्रजी शब्दांचे अर्थ म्हणून करण्यात आला. वापरापूर्वी कोणाचीही परवानगी घेतली नाही. ज्यांना राग यायचा असेल, त्यांनी तो आपापल्या घरी आणावा.

झालं असं, की बारावीनंतर आमच्या मुलीला वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं होतं. त्या परीक्षेत इंग्रजीचे असे असे शब्द विचारतात, की मी यादी पाहिली तेव्हा मला ती औषधांचीच वाटली. मुलगी पाठ करायची आणि सकाळी उठली की पाटी कोरी. आठवडाभर हे पाहून मी, दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली बाई, मैदानात उतरले.

म्हटलं, शब्द नुसता ठेवू नकोस. त्याला माणूस दे.

पहिला शब्द निघाला गॅर्युलस. खूप बोलणारा. मी वहीत खाली लिहिलं, "हदगावची आत्या. फोन ठेवते म्हणाल्यावर पुढे अर्धा तास." दुसरा युबिक्विटस. एकाच वेळी सगळीकडे हजर असणारा. "उमरीची मावशी. एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांच्या दोन्ही अल्बमांत आहे." दुसऱ्या दिवशी मुलीने दोन्ही शब्द न अडखळता सांगितले आणि मी चाटच पडले. आमच्या घरादारात नांदणाऱ्या गुणांना इंग्रजीत इतकी भारदस्त नावं आहेत, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. पुढे तर मला चटकच लागली. भाजी निवडता निवडता मी नातेवाईक आठवायची आणि मुलीला म्हणायची, "मामाला साजेसा एखादा बघ गं."

आता मुद्द्याचं. चांगला क्लास होता लातूरला. मुलीला हॉस्टेलवर ठेवायचं नाही, यावर आमचे मिस्टर अडून बसले होते. लातूरला माझ्या थोरल्या दिरांचं घर आहे. त्यांनी ठेवून घेतलं तर वकिली, नाही तर नांदेडलाच बी. ए. थोरले दीर फोनवर एवढंच म्हणाले, "घेऊन या. आधी बघतो पोरगी अभ्यासाची हाय का, मग सांगतो."

म्हणजे परीक्षेआधी परीक्षा. आमच्या सासरी हे जुनंच आहे. घरात आलेल्या पोराला जेवणानंतर सगळ्यांसमोर उभं करायचं आणि वही बघायची. मी मुलीकडून एक नवी वही लिहून घेतली. शब्द आणि अर्थ, बाकी गोत्र गाळून. मग दोन्ही वह्यांना एकाच बैठकीत खाकी कव्हर घातलं, दोन्हींवर सारखंच लेबल लावलं, आणि सारखंच सुंदर नाव घातलं. वळणदार अक्षराचा माझा गर्व मला तिथे नडला.

लातूरला जेवणं झाली. दीर खुर्चीत बसले, दोरीने बांधलेला चष्मा चढवला आणि म्हणाले, "आण गं वही."

मुलीने पिशवीतून वही काढली, उघडली, आणि माझ्याकडे पाहिलं. हाती आली होती ती जुनी, नातेवाइकांची वही. मी काही बोलायच्या आत वही दिरांच्या हातात होती.

"गॅर्युलस," ते म्हणाले.

"खूप बोलणारा," मुलगी पुटपुटली.

दिरांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं. त्यांनी आत्याची ओळ मोठ्याने वाचली. ती आत्या म्हणजे त्यांची सख्खी बहीण.

"हाव," ते म्हणाले, "बरोबर हाय."

"दादा, द्या ती वही इकडं," आमचे मिस्टर उठून म्हणाले, "दुसरी आणायची होती."

"तू थांब. तुझं बी असंल यात." पान उलटलं. "प्युसिलॅनिमस."

"भित्रा," मुलगी म्हणाली.

"'पप्पा. मोठ्या काकांशी बोलताना उभे राहतात.'"

आमचे मिस्टर तेव्हा उभेच होते. ते सावकाश खाली बसले. आणि थोरले दीर हसले. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. मला वाटलं, तरलो.

मग ते रंगातच आले. एकेक शब्द विचारायचे, मुलगी सांगायची, ते माणूस वाचायचे आणि मान डोलवायचे. मला मात्र पुढचं पान ठाऊक होतं.

"पार्सिमोनियस."

मुलगी वर पंख्याकडे बघू लागली.

"बोल की."

"खर्च करायला ज्याच्या जिवावर येतं, तो."

"'लातूरचे मोठे काका,'" त्यांनी वाचलं, त्याच रंगात. "'पाहुणा पाणी प्यायला उठला की पंखा बंद करतात. मोठ्या काकूला मिक्सर घेऊन देत नाहीत. पाट्यावरची चटणी चवदार लागते म्हणतात...'"

आवाज तिथे थांबला. उरलेलं त्यांनी मनात वाचलं, ओठ हलवत, शेवटच्या टिंबापर्यंत. उरलेलं बरंच होतं.

"हे अक्षर कोणाचं?"

मिस्टरांनी फरशीकडे पाहिलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी. आणि माझ्याच तोंडून आलेला माझा आवाज ऐकून मला धक्का बसला. "माझं, भाऊजी. पोरीचा काही दोष नाही."

त्यांनी चष्मा काढला, दोरी गुंडाळली आणि वही मिटून पिशवीवर ठेवली. "सामान उचला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पोरगी हितं ऱ्हायची न्हाई."

झालं. बेचाळीस शब्द आले होते आणि एका वाक्यात वकिली गेली होती. मी पिशवी उचलली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून थोरल्या जाऊबाई बाहेर आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. चार माणसांत दिरांसमोर त्यांनी तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहा हवा का हेसुद्धा त्या खुणेने विचारतात. हाताला चटणी तशीच होती, पाट्यावरची. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, उचलून आतल्या खोलीत ठेवली, परत आल्या आणि नवऱ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "अहो, पोरगी हितंच ऱ्हाईल. तो शब्द मला बी पाठ करायचाय, अन् माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाई."