अनुमोदक सोजराबाई

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतील, आणि येऊनही खरं बोलणार नाहीत. डोणगावपासून पाच-सहा कोसांवरचं बाजाराचं गाव, एवढं पुरे. दर गुरुवारी बाजार भरायचा. मोटारी थांबत त्या रस्त्याच्या कडेला एक मोठी चिंच होती, तिच्याखाली पंधरा-सोळा माळणी भाजी घेऊन बसायच्या. मोटारीतून उतरलेला माणूस पहिल्यांदा त्यांच्याच पुढ्यात यायचा. रांगेत पहिली असायची सोजराबाई, निवृत्ती माळ्याची बायको.

सोजराबाईला अक्षर येत नव्हतं, पण जगात अशी एक गोष्ट नव्हती जिच्यावर तिचं मत नाही. वांगी मोजता मोजता ती सरकारही मोजायची. चीनची लढाई झाली तेव्हा म्हणाली, “वावराच्या धुऱ्यावर, बांधावर नजर ठेवा लागते बाप्पा. दिल्लीवाल्याइनं धुराच पाह्यला नाई, तं शेजारी घुसनच.” चौदा कॅरेटच्या सोन्याचा कायदा आला, तर म्हणे, “मंगळसूत्रात पितळ घातलं तं नवरा का अर्धा होते?” नवं महाराष्ट्र राज्य झालं याचा कुणी फार आनंद केला की सांगायची, “तागडी मोठी केली म्हणून वांगे वाढत नाईत.” आणि बौद्धवाड्यातल्या बायांना विहिरीवर कुणी हटकलं, तर भर बाजारात विचारायची, “त्याइच्या हातानं तोडलेल्या मिरच्या चालतात, पाणी काऊन चालत नाई बे?”

लोक हसायचे. भाजी नको असलेला माणूसही घटकाभर थांबायचा. लोकांना आपलं मत आवडतं, असं सोजराबाईला वाटायचं. लोकांना फक्त तिचा तोंडाळपणा आवडत होता. मत आणि करमणूक यांत फरक असतो, पण तो करमणूक करणाऱ्याला शेवटी कळतो.

पंचायतीची निवडणूक झाली. एकही बाई निवडून आली नव्हती, आणि दोन बाया पंचायतीत घ्याव्याच लागतात असा कायदा आला होता. सरपंच हिंमतराव कायद्याला फार मानणारा माणूस. त्यानं एक स्वतःची चुलती घेतली, अन्नपूर्णाबाई. ती तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. आणि दुसरी घेतली सोजराबाई. गाव खूश झालं. बोलणारी बाई पंचायतीत गेली! चिंचेखालच्या बायांनी तिला नारळ दिला. कौशल्याबाई शेजारी बसायची, बारा वर्षांपासूनची सोबतीण. तिनं स्वतःच्या पैशाची चोळी आणली आणि म्हणाली, “आता आपलं कोणी ऐकन, माय.”

पण बायांनी बैठकीला यायचं नाही, अशी रीत पहिल्याच महिन्यात पडली. पुरुषांत बाया कशा बसतील? पंचायतीचा चपराशी इंद्रभान ठरावाचं रजिस्टर बगलेत धरून घरी यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा सोजराबाईनं अंगणात पाट मांडला, त्यावर रजिस्टर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग अंगठा लावला. इंद्रभानला चहा पाजला. सरकार आपल्या अंगणात आलं, याचाच तिला अभिमान. सरकारच्या पोटात काय लिहिलंय, हे विचारायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. आडत्याचा शब्द न् शब्द उलटून पाहणारी बाई, पण रजिस्टरपुढं तिचे हात जोडलेले. आठ महिने असं चाललं. दर वेळी चहा, दर वेळी अंगठा.

एका गुरुवारी शंकरराव गुरुजी भाजी घ्यायला आले. बौद्धवाड्यात राहणारे, शाळेत मास्तर, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मेथीची जुडी उचलली, परत ठेवली आणि म्हणाले, “बाई, चावडीवर नोटीस लागली आहे. पुढच्या महिन्यापासून भाजीबाजार नाल्यापलीकडं, गुरांच्या बाजाराशेजारी. इथं दुकानाचे गाळे होणार आहेत.”

सोजराबाई उसळली. “कोण्या मुर्दाडानं केलं थे?”

गुरुजींनी नजर खाली घातली. “सूचक हिंमतराव. अनुमोदक सोजराबाई.”

अनुमोदक म्हणजे काय, ते तिला विचारावं लागलं. गुरुजींनी सांगितलं, की एकानं ठराव मांडला म्हणजे भागत नाही, दुसऱ्यानं त्याला पाठिंबा द्यावा लागतो. तो पाठिंबा तुमचा आहे. शेजारी कौशल्याबाई कोथिंबिरीवर पाणी शिंपत होती. तिचा हात थांबला. मग ती परत पाणी शिंपू लागली.

तागडी तिथंच टाकून सोजराबाई पंचायतीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. हिंमतराव, सेक्रेटरी आणि चार मेंबर बसले होते. कुणी उठलं नाही, पण हिंमतरावानं फार अदबीनं विचारलं, “या बाई. चहा घेता?”

“चहा गेला खड्ड्यात! माह्यं नाव काऊन लिवलं? नाल्यापलीकडं कोणतं गिऱ्हाईक येते? मोटारीतून उतरलेला माणूस शेणातून भाजी घ्याले येईन का?”

“अंगठा तुमचाच हाय ना?”

“हाव, माह्याच हाय. पण मले कोणी वाचून दाखवलं?”

“तुमी इचारलं का?”

एवढंच. हिंमतराव रागावला नव्हता, हसलाही नाही.  दिल्लीला जाब विचारणारी सोजराबाई, आणि स्वतःच्या अंगणात आलेल्या इंद्रभानला एकदाही ‘यात काय लिवलं बाप्पा’ म्हणाली नव्हती. ती कुणावर चिडावं तेच शोधू लागली, आणि फिरून फिरून स्वतःपाशीच येऊ लागली.

“मले तुमची मेंबरकी नको,” ती शेवटी म्हणाली.

“राजीनामा लेखी लागते,” सेक्रेटरी म्हणाला. “कोणाकडून लिवून आणा. खाली अंगठा लावा.”

कोपऱ्यातला एक मेंबर खुसखुसला. हिंमतरावानं त्याला डोळ्यांनीच दाबलं आणि आवाज आणखी मऊ केला. “बाई, डोक्यात राख घालू नका. बाकीच्या जातीन तिकडं. तुमची चिंचेखालची जागा कायम. गाळ्याच्या बाजूले दहा हात सोडून देऊ. मेंबराची जागा कोण हलवते?”

घरी निवृत्तीनं सगळं ऐकलं आणि विडी पेटवली. “मंग बस ना तिथं. एकटीच राह्यशीन तं आपली भाजी दुप्पट खपन.” तो वाईट माणूस नव्हता. जग असंच चालतं, हे त्याला पाठ होतं. पण सोजराबाईला ते ऐकवेना. आपल्याला ती जागा दया म्हणून दिलेली नाही, अंगठ्याची मजुरी म्हणून दिलेली आहे, हे तिला लख्ख कळलं. तिनं जागा घेतली नाही. तीन दिवस जेवणावर वासना नव्हती. चिंचेखाली जाऊन बायांना सगळं सांगावं, असं दहादा मनात आलं, पण सांगणार काय? मी वाचलं नाही? वाचता येत नाही हे तर त्यांना ठाऊकच होतं. विचारलं नाही, हे सांगायची लाज वाटत होती.

महिना संपला. पहिल्या गुरुवारी माळणी नाल्यापलीकडं गेल्या. शेणामुताचा चिखल, माशा, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर बैल विकायला आलेले चार लोक. सोजराबाई टोपली डोक्यावर घेऊन नाला उतरली. तिला वाटलं होतं, चिंचेखालचे दहा हात सोडून आपण इथं आलो, हे बाया पाहतील आणि न सांगताच सगळं समजून घेतील. कौशल्याबाईच्या शेजारी जागा मोकळी होती. सोजराबाईनं तिथं टोपली टेकवली.

कौशल्याबाईनं रिकामी पोती ओढून त्या जागेवर पसरली. आवाज न चढवता म्हणाली, “तुमची जागा वर हाय, मेंबरीणबाई. हिंमतरावानं सोडून देली, गावभर झालं. आमी तुमच्या अंगठ्यानं इथं आलो. तुमी कायच्यासाठी आल्या?”

बारा वर्षांत कौशल्याबाईनं तिला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं.

बाकीच्या बायांपैकी कुणी वर पाहिलं नाही. सोजराबाईनं टोपली उचलली आणि रांग सोडून, गुरांच्या खुंट्यांपलीकडं जाऊन बसली. दुपारपर्यंत तिच्याकडं एक माणूस फिरकला नाही. उन्हानं मेथीनं माना टाकल्या. वर चिंचेखाली तिची दहा हात जागा रिकामी पडली होती, आणि इथं खाली तिला जागा नव्हती. हिंमतरावाला ती जन्मभर शिव्या देऊ शकली असती, तेवढं तोंड तिला होतं. पण कौशल्याबाई चुकत नव्हती, आणि तेवढंच तिला सोसवत नव्हतं.