गफूरचाचाची वाटी

गफूरचाचा शिंप्याच्या घरून भांडं कधी रिकामं परत यायचं न्हाई. एकदा आमचा कप त्येच्याकडं गेला होता. परत आला तसा मी न बघताच त्यात चहा वतला आनि फुर्रकन वढला, तर तोंडात दोन बटनं. एक गिळलंबी. दुसरं घिऊन भांडायला गेलो, तर चाचा मशीनवरून मान वर न करता म्हनला, "घरात दुसरं काई नव्हतं रे. खाली बरतन कैसा देना? आनि बघून प्यायला तुला काय झालतं?" मी बटन खिशात घालून परत आलो. दुसरीत मास्तरनं हाकलल्यापासून मला नुसतं हासवता येतंय, उत्तर देता येत न्हाई.

चाचाच्या समोर गुरुपादप्पाचं किराना दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला इभूत, तोंडात शिव्या. ह्या दोघांच्या घरात एक स्टीलची वाटी कैक वर्सं फिरत होती. ईदला शिरखुर्मा भरून जायची, बसवजयंतीला गव्हाची गोड हुग्गी भरून यायची. वाटीवरलं नाव घासून घासून गेलेलं.

"माझ्या लग्नातली हाय ती," अप्पा म्हनायचे.

"तुमच्या लग्नात कोन देतंय वाटी? माझीच हाय," चाचा म्हनायचा.

पन ठिवून कोनीच घेत नव्हतं. कारन ठिवायची तर रिकामी करावी लागते, आनि रिकामी केली की भरून धाडावी लागते.

मग भूकंप झाला. आमच्या गावात भिंती पडल्या, मानसं तेवढी वाचली. मागून ट्रक आले. परमुलखातून कपड्यांचे गठ्ठे. कुनी देवळातून धाडलेले, कुनी चर्चातून, कुनी मशिदीतून. सायबानं इचारलं, इंग्रजी कुनाला येतंय? मी हात वर केला. मला 'येस' येत होतं. वाटपाचं काम माझ्याकडं आलं. मी गळ्यात बांधायचे ते रंगीत पट्टे शेळ्या बांधायला वाटले. पंधरा दिवस गावातल्या शेळ्या टाय घालून फिरत होत्या, आनि मानसं उघडी.

कारन ते कपडे कोनी घालंना. कुनाच्या अंगावरचे, जित्याचे का मेल्याचे, काय माहीत? तवा चाचानं पत्र्याखाली मशीन मांडली. एकेक कोट उलटा करून बघायचा. "हे बघ, उजवा खांदा उतरलाय. वझं उचलनारा मानूस हाय बिचारा, तुझ्यासारखा. तिकडं बी टेप हीच लागती रे." लांब झग्याचे परकर झाले, कोटाची पोरांची जाकिटं झाली. शिवून झालं की चाचा त्यावर दुवा फुकायचा, शेजारी बसून अप्पा इभूतीचं बोट लावायचे. "दोघांचं झालं. आता घाल, बाधत न्हाई." मग लोक घालायला लागले.

मी मातर एक लाल कोट गुपचूप तसाच ठिवला. मला चाकूरला पोरगी बघायला जायचं होतं. चाचा म्हनला होता, "नक्को रे, बाईचा हाय. बटनं उलटीकडं हायेत." मी आयकतोय कुठं? गेलो. पोरीची आजी पयलं माझ्या कोटाकडंच बघत राहिली. मी ऐटीत खिशात हात घातला रुमाल काढायला, तर खिशाला भोक, अस्तरात काईतरी लागलं. वढलं तर मन्यांची माळ, खाली क्रूस. पोरीचा बाप म्हनला, "पावनं, हे काय?" मी म्हनलं, "येस." सोयरीक तिथंच संपली. पुढं जी मिळाली ती मी साध्या सदऱ्यात मिळवली.

चाचानं ती माळ हातात घेतली आनि हासायचा थांबला. मनी गुळगुळीत झालते. त्यानं आपली जपाची तसबी काढून शेजारी धरली, अप्पांच्या रुद्राक्षाकडं बघितलं. "बोटानंच झिजलेत. कुनाची तरी रोजची इबादत चुकून इकडं आली. वापस देना पडता. आनि नुसती कशी द्यायची?"

"पत्ता?" अप्पा म्हनले.

पत्ता नव्हता. तरी उरलेल्या चिंध्यांची गोधडी व्हायला लागली. चाचानं टाके घातले, अप्पांच्या बायकोनं घातले, आळीतल्या सगळ्या बायकांनी घातले. एक मीबी घातला. तो पायजम्यासकट घातला, उठलो तर गोधडी संगं आली. आतून एक खिसा, त्यात ती माळ.

मग ती गोधडी वर्सानुवर्सं पेटीत. लातूरला गल्लोगल्ली क्लास निघाले. अप्पांची नात शिल्पा तिकडं शिकायला गेली. मी तिचा डबा पोचवायचो. अर्धा रस्त्यात खायचो म्हनून पोरगी वाळली आनि पयली आली, असं माझं म्हननं हाय. पुढं ती कंपूटरच्या नोकरीवर पार समुद्रापलीकडं निघाली.

चाचा गोधडी घिऊन हजर. ब्यागेत जागा न्हाई. अप्पा खवळले, "पोरगी नोकरीला चालली का तुझं बोचकं पोचवायला?"

चाचा खाली बसला. "अप्पा, आपन उघड्यावर होतो तवा त्यांनी पांघरून घातलं. आता माझं वय झालं. वर रिकामी वाटी घिऊन जाऊ काय?"

अप्पा उठले. स्वताच्या हातानं ब्यागेतला चटनीचा डबा काढला, लोनच्याची बरनी काढली. गोधडी बसली. बरनी मी घरी नेली, वाया कशाला घालवायची.

तिकडं शिल्पाची घरमालकीन म्हनजे एकली म्हातारी, रोज तसलीच माळ मोजनारी. शिल्पानं गोधडी तिलाच दिली. कोट काई तिचा नव्हता. पन तिनं माळ आपल्या चर्चात नेली, ज्याची असंल त्याच्या नावानं तिथं ठिवली, आनि गोधडी पांघरून झोपायला लागली. शिल्पानं हे फोनवर सांगितलं तवा चाचा अंथरुनावर होता. डोळे मिटून म्हनला, "सुटलो."

महिन्यानं पार्सल आलं. म्हातारीनं चाचासाठी स्वता इनलेला स्वेटर.

चाचा ताडकन उठून बसला. बोटांनी खांदा मोजला. "माप बरोबर हाय," म्हनला, आनि कपाळावर हात मारला. "पन आता परत आपल्यावर आलं की रे! हे लोक सुटू देत न्हाईत." आमच्याकडल्या उकाड्यात तो स्वेटर अंगात घालून बसला आनि सुई मागितली. सुईत दोरा काई गेला न्हाई. आठ दिवसानं चाचा गेला.

ती सुई माझ्याकडं आली. अप्पा समोर बसून शिव्या देतात, मी शिवतो. म्हातारीसाठी नवी गोधडी शेळीपुरती झाली हाय, तीबी तिरकी. काल शिल्पाचा फोन आला, "काका, म्हातारीला काय सांगू, गोधडी कधी येतीय?"

मी म्हनलं, "आज धाडतोय. गोधडीच्या खिशात चाचाच्या बटनांच्या डब्यातली दोन बटनं हायेत. सांग, घरात दुसरं काई नव्हतं. आनि बघून चहा पी म्हनावं."